रविवारी सकाळी सात ते दुपारी दोन

बोगोटा ही कोलंबियाची राजधानी. अँडीज पर्वतरांगेत, समुद्रसपाटीपासून सुमारे २,६०० मीटर उंचीवर वसलेली. वस्ती सत्तर लाखांच्या पुढे. उत्तरेला सुखवस्तू लोकांच्या इमारती, दक्षिणेला डोंगरउतारावर चढत गेलेल्या कष्टकऱ्यांच्या वस्त्या आणि दोहोंच्या मधे दिवसभर तुंबलेली वाहतूक. अशा या शहरात दर रविवारी आणि प्रत्येक सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी सकाळी सात वाजता जवळपास सव्वाशे किलोमीटर लांबीचे रस्ते मोटारींना बंद होतात आणि दुपारी दोनपर्यंत बंदच राहतात. त्या सात तासांत रस्त्यावर सायकली असतात, स्केटिंग करणारी मुलं असतात, बाळाची गाडी ढकलत पळणारे आईबाप असतात, काठी टेकत हळूहळू चालणारे आजोबा असतात. तिकीट नाही, नावनोंदणी नाही, वयाची अट नाही. या उपक्रमाला तिथे ‘सिक्लोविआ’ म्हणतात.

लोकांनी हालचाल करावी, खेळावं, व्यायाम करावा यासाठी जगभरातली सरकारं पैसा खर्च करतात. त्यातला बराचसा पैसा लोकांना व्यायामाचं महत्त्व पटवण्यात जातो. माझं मत असं, की महत्त्व बहुतेकांना पटलेलंच असतं. अडतं ते घराजवळची जागा, हाताशी असलेला वेळ आणि पुढाकार घेणारं माणूस यांच्यापाशी. बोगोटाचं उदाहरण मी मुद्दाम निवडलं, कारण ते श्रीमंत युरोपातलं नाही. गर्दी, विषमता, असुरक्षितता, अपुरी तिजोरी हे सगळं तिथे आहे आणि तरीही पन्नास वर्षं तो रविवार चालू राहिला आहे. तो का टिकला हे समजून घेतलं, तर आपल्याकडच्या क्रीडा धोरणांत नेमकं काय राहून जातं तेही दिसतं.

आधी रचना पाहू. रस्ता बंद म्हणजे शहर बंद, असं तिथे होत नाही. बहुतेक ठिकाणी दुभाजक असलेले मोठे रस्ते निवडले आहेत. त्यांच्या एका अंगाची वाहतूक थांबवतात, दुसरं अंग मोटारींसाठी चालू राहतं. आडवे जाणारे रस्तेही पूर्ण अडवत नाहीत. चौकाचौकात गणवेशातली तरुण मुलं-मुली ‘थांबा’ आणि ‘पुढे जा’ अशा पाट्या हातात धरून उभी असतात. आधी सायकलवाल्यांना थांबवून मोटारी सोडायच्या, मग मोटारी थांबवून माणसं सोडायची. यातले अनेक जण विद्यार्थी असतात आणि या कामाचं प्रशिक्षण त्यांना मिळतं. सातच्या आत अडथळे लावून व्हायला हवेत आणि दोन वाजता उचलायला हवेत. वाटेत पंक्चर काढणारे, हवा भरून देणारे, संत्र्याचा रस आणि कापलेली फळं विकणारे बसतात. कोलंबियात सुट्ट्यांची संख्याही मोठी असल्याने वर्षाकाठी असे सत्तरपेक्षा अधिक दिवस होतात. सत्तर वेळा तेच रस्ते, तीच वेळ. कुठे जायचं, किती वाजता जायचं, आज आहे की नाही, हे कुणाला विचारावंच लागत नाही. सवय लागायला ही खात्री फार उपयोगी पडते.

हे सगळं सरकारी बैठकीत सुचलेलं नव्हतं. १५ डिसेंबर १९७४ या दिवशी सायकलप्रेमींच्या एका गटाने शहराच्या मध्यभागातले दोन मोठे रस्ते काही तास मोटारींविना ठेवले. वाढत्या मोटारी, धूर आणि सायकलवाल्यांची होणारी कुचंबणा यांच्याविरुद्धचं ते निदर्शन होतं. हजारो लोक आले. पुढे १९७६ मध्ये महापौरांनी आदेश काढून ठरावीक रस्त्यांवर हा उपक्रम अधिकृत केला. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला तो पन्नास किलोमीटरच्या वर गेला आणि नंतर हळूहळू आटत गेला. कारभार वाहतूक खात्याकडे होता. वाहनं सुरळीत चालवणं हे ज्या खात्याचं काम, त्या खात्याला दर रविवारी रस्ता अडवणं हा अडथळाच वाटणार. त्यात त्या लोकांचा दोष काढण्यासारखं काही नाही. त्यांच्या कामाचं मोजमाप वेगळं होतं.

नव्वदच्या दशकाच्या मध्याला शहराने सिक्लोविआ वाहतूक खात्याकडून काढून महापालिकेच्या क्रीडा आणि मनोरंजन संस्थेकडे दिली. त्या संस्थेची धुरा तेव्हा गिल पेन्यालोसा यांच्याकडे होती. कागदावर पाहिलं तर हा एका फाइलीचा प्रवास होता. पण जे काम एका खात्याला डोकेदुखी वाटत होतं, ते दुसऱ्या खात्याचं मुख्य काम झालं. त्याच्यासाठी स्वतंत्र माणसं आली, अंदाजपत्रकात स्वतंत्र तरतूद आली आणि काही वर्षांतच लांबी शंभर किलोमीटरपलीकडे गेली. धोरणांबद्दल बोलताना आपण उद्दिष्टं वाचतो, घोषणा वाचतो. काम कुणाच्या टेबलावर ठेवलं आहे, हा प्रश्न सहसा विचारत नाही. मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

त्या काळात कोलंबियात आणखी एक पाया घातला जात होता. १९९१ च्या राज्यघटनेच्या ५२ व्या कलमात खेळ, मनोरंजन आणि मोकळ्या वेळेचा उपयोग हा प्रत्येक व्यक्तीचा हक्क मानला गेला. १९९५ मध्ये क्रीडा कायदा आला. २००० साली ५२ व्या कलमातच दुरुस्ती करून खेळ आणि मनोरंजन हा शिक्षणाचा भाग आहे आणि त्यावरचा खर्च हा सामाजिक सार्वजनिक खर्च आहे, असं लिहिलं गेलं. म्हणजे आरोग्य आणि शिक्षण यांवरचा खर्च ज्या रांगेत, त्याच रांगेत मैदानावरचा खर्च. अंदाजपत्रकाला कात्री लागते तेव्हा या शब्दांचं वजन कळतं. २०१६ च्या एका कायद्याने तर सरकारी कर्मचाऱ्याने तीस वेळा सायकलने कामावर आल्याची नोंद दाखवली की त्याला अर्ध्या दिवसाची भरपगारी रजा देऊ केली.

हक्क लिहून ठेवला की भांडण संपतं असं नाही. २००७ च्या सुमारास सिक्लोविआची वेळ दुपारी बारापर्यंतच ठेवावी, असा प्रस्ताव कोलंबियाच्या संसदेत आला होता. मोटारवाल्यांची गैरसोय होते, हे कारण. लोकांनी कडाडून विरोध केला आणि वेळ दोनचीच राहिली. तोवर हा रविवार इतक्या घरांच्या अंगवळणी पडला होता, की त्याच्या बाजूने उभं राहायला क्रीडा संघटनांची गरज उरली नव्हती.

आता खर्चाकडे येऊ. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी बोगोटाच्या सिक्लोविआचा माणशी वार्षिक खर्च सुमारे सहा अमेरिकी डॉलर काढला. त्यावर खर्च झालेल्या प्रत्येक डॉलरमागे उपचारांवरचे तीन ते सव्वाचार डॉलर वाचतात, असा त्यांचा हिशेब होता. रस्ते आधीच बांधलेले आहेत, जमीन विकत घ्यायची नाही, इमारत उभारायची नाही, म्हणून हे जमतं. खर्च होतो तो माणसांवर.

ही माणसं नेमकी काय करतात ते पाहायचं तर रेक्रेओविआकडे पाहावं. १९९५ च्या सुमारास सुरू झालेला हा सिक्लोविआचा जोडउपक्रम. बागेत किंवा चौकात एक छोटं व्यासपीठ, त्यावर महापालिकेचा पगारी प्रशिक्षक, मोठ्याने लावलेलं संगीत आणि समोर शंभर-दोनशे माणसं हातपाय हलवताहेत. रविवारी तर असतंच, अनेक बागांत आठवड्यातल्या इतर दिवशीही सकाळ-संध्याकाळ वर्ग असतात, तेही फुकट. संशोधकांनी रेक्रेओविआ असलेल्या आणि नसलेल्या बागांची तुलना केली तेव्हा पहिल्या प्रकारच्या बागांत बायकांचं प्रमाण स्पष्टपणे जास्त आढळलं आणि त्या अधिक जोमाने व्यायाम करत होत्या. याचं कारण आपल्या ओळखीचं आहे. मोकळ्या मैदानावर मुलगे क्रिकेट किंवा फुटबॉल खेळत असले की मुलगी कडेने निघून जाते. तेच शिकवणारी एक बाई समोर असेल, वेळ ठरलेली असेल, आजूबाजूला आपल्याच वस्तीतल्या चारजणी असतील, तर ती थांबते. नुसती जागा सर्वांची असून भागत नाही, ती बायकांची व्हायला असं काहीतरी योजावं लागतं.

कोलंबियाने सगळं साधलं, असं मात्र म्हणता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी २०१६ पर्यंतची आकडेवारी मांडली तेव्हा त्या देशातल्या सुमारे ४४ टक्के प्रौढांची हालचाल अपुरी ठरली होती. एक शहर आणि एक रविवार संपूर्ण देशाचा आठवडा बदलू शकत नाही. सायकलचोऱ्या होतात, हवा खराब असते. पण जे लोक त्या रस्त्यावर येतात त्यांच्यात मध्यम आणि कमी उत्पन्नाच्या घरांतले लोक बहुसंख्य असतात. व्यायामावरचा सरकारी खर्च इतक्या थेटपणे अशा घरांपर्यंत पोचल्याची उदाहरणं थोडी आहेत.

आपल्याकडे काय स्थिती आहे? मोजमाप आधी सांगतो. प्रौढ माणसाने आठवड्याला १५० मिनिटं मध्यम किंवा ७५ मिनिटं जोरकस हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मध्यम म्हणजे श्वास थोडा वाढेल पण बोलता येईल इतकं भरभर चालणं. २०२४ मध्ये ‘द लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार भारतात ही पातळी न गाठणाऱ्या प्रौढांचं प्रमाण २००० साली सुमारे २२ टक्के होतं, ते २०२२ मध्ये ४९ टक्क्यांवर गेलं. पुरुषांत ४२, बायकांत ५७. जगाची सरासरी ३१ टक्के आहे.

हे आकडे सांगितले की लगेच कुणीतरी म्हणतं, ‘आमच्याकडे बायका दिवसभर घरात राबतात, त्यांना कसला आलाय व्यायाम?’ प्रश्न रास्त आहे, पण अशा पाहण्यांत कामाच्या ठिकाणची, घरातली आणि येण्याजाण्यातली हालचालही धरलेली असते. घरकामात बाई दमते हे खरं, पण त्यातलं पुष्कळसं काम उभ्याने किंवा बसून, एकाच जागी, हलक्या हालचालीचं असतं. शीण येतो आणि दम मात्र वाढत नाही. शिवाय वीस वर्षांत जगणंच बदललं. नळ आला, मिक्सर आला, दारात दुचाकी आली, शेतात ट्रॅक्टर आणि पंप आले. हे सगळं यायलाच हवं होतं, ज्यांनी विहिरीवरून हंडे वाहिले त्यांना ते दिवस परत नकोत. पण कामाबरोबर आपोआप होणारी हालचाल गेली आणि तिच्या जागी दुसरं काही आलं नाही. ज्या बदलाने एवढ्या माणसांची हालचाल एकदम घटली, त्याचं उत्तर प्रत्येकाने एकेकट्याने पहाटेचा गजर लावून शोधावं, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते. इथेच सरकारचं काम सुरू होतं.

केंद्र सरकारने २९ ऑगस्ट २०१९ ला, राष्ट्रीय क्रीडा दिनी, ‘फिट इंडिया’ चळवळ सुरू केली. रोज अर्धा तास व्यायामाचं आवाहन, शाळांना मानांकन, मोबाइल अ‍ॅप, डिसेंबर २०२४ पासून रविवारच्या सायकलफेऱ्या, असं तिचं स्वरूप आहे. जुलै २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने ‘खेलो भारत नीती’ मंजूर केली. २००१ च्या राष्ट्रीय क्रीडा धोरणाची जागा तिने घेतली. खेळ ही लोकचळवळ व्हावी, हा तिच्या पाच स्तंभांपैकी एक आहे. हेतू चांगला आहे आणि तो धोरणात लिहिला गेला याचं मोल आहे. पण पैशाचा मोठा प्रवाह अजून खेळाडू घडवण्याकडे जातो. ‘खेलो इंडिया’ योजनेत निवडलेल्या खेळाडूवर वर्षाला ६ लाख २८ हजार रुपयांपर्यंत खर्च होतो, त्यात त्याच्या हाती येणारा महिना दहा हजारांचा भत्ता आहे. गावखेड्यातल्या गुणी पोरीला असा आधार मिळतो तेव्हा तिचं अख्खं घर उभं राहतं. हा खर्च थांबवावा असं कुणीच म्हणणार नाही.

फक्त पदकं आली की लोक आपोआप खेळू लागतील, या समजुतीवर विसंबून राहू नये. लंडनने २०१२ चं ऑलिम्पिक मागताना तरुण पिढीला खेळाकडे वळवण्याचं वचन दिलं होतं. २००८ मध्ये ब्रिटिश सरकारने २०१२ पर्यंत वीस लाख लोक अधिक सक्रिय करण्याचं उद्दिष्ट जाहीर केलं. २०१० मध्ये आलेल्या नव्या सरकारने ते उद्दिष्टच सोडून दिलं. पदकं भरपूर आली, टीव्हीसमोर देश जमला, पण पाहणाऱ्यांतले बहुतेक पाहणारेच राहिले. स्वतः मैदानात उतरायला लागणाऱ्या गोष्टी वेगळ्या असतात.

भारतीय राज्यघटनेत खेळ हा विषय राज्यसूचीत, ३३ व्या नोंदीत आहे. म्हणजे मूळ जबाबदारी राज्यांची. शहरातल्या बागा आणि खेळाची मैदानं ही बाराव्या अनुसूचीनुसार नगरपालिकांच्या कामांत मोडतात. पंचायतींसाठी असलेल्या अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत, त्यांत ग्रंथालयं आहेत, बाजार आणि जत्रा आहेत, पण खेळाचा किंवा मैदानाचा वेगळा उल्लेख नाही. गावात मैदान असावं हे सगळ्यांना मान्य असतं, पण ते कुणी राखायचं याला या अनुसूचीत थेट उत्तर सापडत नाही.

महाराष्ट्रात विभागीय, जिल्हा आणि तालुका क्रीडा संकुलांची योजना आहे. पुण्याजवळचं बालेवाडीचं संकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभं राहिलं, तिथे पुढे २००८ च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धाही झाल्या. तालुक्याला संकुल असावं ही कल्पना मोलाची आहे. पण सलग काही एकर जमीन गावाच्या आत मिळत नाही, म्हणून ते गावाबाहेर जातं. तिथवर एसटी जात नाही, रस्त्यावर दिवे नसतात, संध्याकाळी मुलीला एकटीला पाठवायला घरचे धजत नाहीत. बांधकामाला निधी एकदा मिळतो, झाडणं, पाणी मारणं, गवत काढणं, विजेचं बिल आणि प्रशिक्षकाचा पगार दर महिन्याला लागतो. उद्घाटनानंतर दोन पावसाळे गेले की धावपट्टीवर गाजरगवत उगवतं, ते याच कारणाने. बागेतल्या ओपन जिमचंही तसंच. यंत्र बसवायला आमदार निधी मिळतो, बेअरिंगला तेल घालायला कुणीच नसतं.

आणि तरीही महाराष्ट्रात पहाटे पाचला कुठल्याही तालुक्याच्या रस्त्यावर जा, पोरं धावताना दिसतात. भरतीची पोरं. पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची असते. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक. त्यासाठी ती वर्ष वर्ष राबतात. डांबरी रस्त्याच्या कडेला, अंधारात, मागून उसाचा ट्रॅक्टर येतोय का ते ऐकत. कुणीतरी मोबाइलवर वेळ लावतो, आधी भरती झालेला एखादा दादा सुट्टीवर आला की तंत्र सांगतो. गोळा नसला तर त्याच वजनाचा दगड. या मुलांना व्यायामाचं महत्त्व कुणी पटवलेलं नाही. सरकारच्या एका नियमाने त्यांच्या धावण्याला अर्थ दिला आणि ती धावू लागली. सरकारी नियमात किती ताकद असते, ते इथे दिसतं. पण वयोमर्यादा संपली, किंवा निवड झाली की यातली बरीच पोरं धावणं सोडतात. ज्या मुलीने वर्षभर ८०० मीटरचा सराव केला, तिला लग्नानंतर सासरच्या गावात पळायला ना जागा मिळते ना मुभा. त्यांच्या पायाखाली एक सपाट, उजेडातला मातीचा ट्रॅक असता आणि तो गावातल्या इतरांसाठीही खुला असता, तर या पोरांच्या मागे त्यांचे आईबापही चालायला आले असते.

शहरांतला प्रश्न जमिनीचा आहे आणि तो कायद्याच्या एका कलमात अडकलेला आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार प्रत्येक शहराचा विकास आराखडा तयार होतो. त्यात एखाद्या खासगी जमिनीवर खेळाच्या मैदानाचं आरक्षण पडतं. नकाशात ती जागा रंगवलेली असते आणि तिला क्रमांक असतो. पण आरक्षण म्हणजे मैदान नव्हे. महापालिकेने ती जमीन ताब्यात घ्यायला हवी. आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत तसं झालं नाही, तर कलम १२७ खाली जमीनमालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादन झालं नाही किंवा त्यासाठी पावलं उचलली गेली नाहीत, तर आरक्षण उठतं आणि शेजारच्या जमिनीसारखीच तीही बांधकामाला मोकळी होते. मालकाच्या बाजूने पाहिलं तर हे योग्यच आहे, दहा वर्षं कुणाची जमीन अडकवून ठेवायची आणि पैसेही द्यायचे नाहीत, हे चालणार नाही. अडचण पालिकेच्या तिजोरीत आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने मोबदला वाढवला, शहरात तो बाजारभावाच्या जवळपास दुप्पट पडतो. टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क, देऊन जमीन मिळवता येते, पण मालकाने तो घ्यायला हवा. रस्ता, पाणी, गटार यांच्या मागण्या आधी येतात आणि मैदानाचं संपादन पुढच्या वर्षावर जातं. अशा दहा वर्षांनी नोटीस येते. आपल्या शहरांतली कितीतरी मैदानं कुणी दांडगाईने बळकावली म्हणून गेलेली नाहीत, ती मुदत टळल्याने गेली आहेत.

शाळेचा विषयही याला लागूनच येतो. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीत शाळेला खेळाचं मैदान असावं असं म्हटलेलं आहे. मैदान असलेल्या शाळांतही शारीरिक शिक्षणाचा तास गणिताने किंवा विज्ञानाने घेतलेला असतो, विशेषतः दहावीला. याच महाराष्ट्रात औंध संस्थानच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी आपल्या राज्यातल्या शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे केले होते. १९०९ पासून संस्थान विलीन होईपर्यंत ते गादीवर होते, स्वतः रोज नमस्कार घालायचे आणि त्यावर त्यांनी पुस्तक लिहिलं. त्यांच्या धोरणात एक व्यवहारी शहाणपण होतं. साधन लागत नाही, मैदान लागत नाही, माणूस उभा राहील एवढी जागा पुरते आणि वेळापत्रकात त्याची जागा पक्की असते. मुंबई प्रांताच्या सरकारने १९३८ मध्ये कांदिवलीला शारीरिक शिक्षणाचे शिक्षक तयार करणारी संस्था काढली, तीही याच जाणिवेतून. शिकवणारा माणूस हवा, हे तेव्हाच्या लोकांना स्पष्ट दिसत होतं.

बोगोटाचा रविवार आपल्याकडे आणायचे प्रयत्नही झाले आहेत. नोव्हेंबर २०१३ मध्ये गुरुग्राममध्ये ‘राहगिरी’ सुरू झाली, तिची प्रेरणा थेट सिक्लोविआची. २०१४ मध्ये मुंबईत वांद्रे-सांताक्रूझ भागात ‘इक्वल स्ट्रीट्स’ झालं. २०२२ मध्ये मुंबई पोलिसांनी ‘संडे स्ट्रीट्स’ नावाने काही रस्ते रविवारी सकाळी मोकळे केले. पुण्यात २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन साजरा होतो, तेव्हा एरवी जीव मुठीत धरून ओलांडावा लागणाऱ्या त्या रस्त्याच्या मधोमध मुलं खडूने चित्रं काढतात. लोक प्रत्येक वेळी भरभरून आले. पण यातलं काहीच बोगोटासारखं वर्षाला सत्तर दिवसांच्या सवयीत मुरलं नाही. कुठे स्वयंसेवी संस्था दमल्या, कुठे प्रायोजक गेले, कुठे अधिकारी बदलला. महापालिकेच्या एखाद्या विभागाचं ते नेमून दिलेलं काम झालं, त्याला अंदाजपत्रकात शीर्ष मिळालं, असं झालं नाही. उन्हामुळे आपल्याला दुपारी दोनपर्यंत रस्ता मोकळा ठेवायची गरज नाही, सकाळी सहा ते नऊ पुरेल, पावसाळ्यात चार महिने थांबलं तरी चालेल. बाकीचं सगळं बोगोटाइतकंच शक्य आहे.

त्याहून स्वस्त काम शाळांच्या मैदानांचं आहे. संध्याकाळी सहानंतर आणि रविवारी ती कुलपात असतात. ती वस्तीसाठी उघडायची तर रखवालदाराचा जादा पगार, दिव्यांचं बिल, काही मोडलं तर भरपाई आणि कुणाला लागलं तर जबाबदारी, या चार गोष्टींची हमी पालिकेने मुख्याध्यापकांना लेखी द्यायला हवी. ती नसताना मुख्याध्यापक किल्ली देत नाहीत आणि त्यांच्या जागी कुणीही असतं तरी दिली नसती. हमीबरोबर आठवड्यातून तीन संध्याकाळी बायकांसाठी एक पगारी प्रशिक्षिका दिली, तर रेक्रेओविआसारखं काम महाराष्ट्रातल्या कुठल्याही नगरपालिकेला नवी जमीन न घेता सुरू करता येईल.

आणि जमिनीचं म्हणाल, तर आराखड्याचे नकाशे ही सार्वजनिक कागदपत्रं आहेत. आपल्या प्रभागात मैदानाची आरक्षणं किती, त्यांतली किती ताब्यात आली, दहा वर्षं कधी पूर्ण होतात आणि कलम १२७ ची नोटीस कुठे पडली आहे, हे नागरिकांना माहिती अधिकारात विचारता येतं. नवा आराखडा येतो तेव्हा हरकती आणि सूचनांसाठी मुदत असते. त्या मुदतीत येणाऱ्या बहुतेक हरकती जमीनमालकांच्या असतात, मैदान मागणाऱ्यांच्या फारच थोड्या येतात.